शून्य फूट पाणी

अमरावतीला ज्या घरात मी तीन वर्षं भाड्यानं राहिलो, त्या घराच्या जिन्यातला दिवा जिन्यात लागत नसे. माझ्या खोलीतला पंखा माझ्या खोलीत लागत नसे. गच्चीवरच्या नळाला पाणी हवं असलं तर तेही खालूनच. सगळ्या घराची बटणं घरमालकांच्या बैठकीत एका लाकडी फळ्यावर एकत्र आणलेली होती. प्रत्येक बटणाखाली कागदाची पट्टी, तिच्यावर मोत्यासारखं अक्षर: 'जिना', 'वरची खोली, पंखा', 'वरची खोली, दिवा', 'गच्ची'. आणि एकूणएक बटणं बंद.

पंखा हवा असला की मी कठड्यावरून ओरडायचो, "काका, पंखा!"

खालून प्रश्न यायचा, "कोन बोलून राहिलं?"

वरच्या मजल्यावर माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. तरी सांगावं लागायचं. "मी. अकोला."

"बोला, अकोला."

"पंखा लावा."

मग खट्ट. मे महिन्यात एवढं होईपर्यंत माझं निम्मं वजन घामावाटे उतरलेलं असायचं.

मी अकोल्याचा म्हणून माझं नाव अकोला. माझ्या आधीचा भाडेकरू चांदूर रेल्वे. त्याच्याही आधी एक नांदगाव खंडेश्वर होऊन गेला. त्यानं एक अख्खा उन्हाळा पंखा मागितलाच नाही म्हणे. काका त्याचं नाव आजही आदरानं घ्यायचे. तो माणूस उन्हाळाभर कसा जगला, हे त्यांनी त्याला कधी विचारलं नव्हतं.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी एक्सचेंजमध्ये, तारांच्या जंगलात. माणसापेक्षा त्याचं गाव आधी लक्षात ठेवायची सवय तिथलीच, आणि बटणांचा फळाही तिथल्याच विचारातून आलेला. "जे मांगलं नाही, थे चालू नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते हे वीज वाचवायला करतात असं मला पहिला महिनाभर वाटत होतं. पण वीजबिलाकडे ते ढुंकूनही पाहत नसत. काही गोष्टी आपणहून चालू असाव्यात, ही कल्पनाच त्यांना असभ्य वाटायची.

बोलणंही तसंच. जेवढं विचाराल तेवढंच उत्तर, त्यापुढे एक अक्षर नाही. एकदा सकाळी मी विचारलं, "काका, आज नळ येणार आहे का?"

"येनार."

मी न्हाणीघरात शिरलो. बादलीतलं उरलंसुरलं पाणी अंगावर घेतलं, नखशिखान्त साबण लावला आणि नळाखाली उभा राहिलो. नळ फुसफुसलासुद्धा नाही. पंधरा मिनिटांनी, साबण वाळून अंग पापडासारखं झाल्यावर, दाराच्या फटीतून ओरडलो, "काका, नळ कधी येणार?"

"चार वाजता."

"मग मघाशी का नाही सांगितलं?"

"मघानी तू कवा, हे इचारलंच नाही."

डॉक्टरांकडे गेले तर "काय त्रास होतो?" या प्रश्नाला "खोकला" एवढंच सांगून आले. गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अवो, मंग गुडघा काहून नाही दाखवला?"

"त्यानं एकच त्रास इचारला."

अशा माणसाच्या घरी माझ्यासारखा माणूस यावा, हा नियतीचा वात्रटपणा. मला प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायची सवय. एका लहानशा कंपनीत मी यंत्रं बनवायचो. पत्त्यांच्या कॅटाएवढा, एकाच पाटीवर मावणारा संगणक घ्यायचा, त्याच्या काठावर पिनांची दुहेरी रांग असते तिला हा सेन्सर, तो सेन्सर जोडायचा आणि गोदामातली थंडी, टाकीतलं पाणी, असलं काहीबाही मोजायचं. माझी यंत्रं माझ्या टेबलावर अप्रतिम चालायची. दुसऱ्याच्या टेबलावर गेली की त्यांना माहेरची आठवण यायची.

काकांना एक धाकटा भाऊ होता. शेंदूरजनाघाटजवळ दोघांची संत्र्याची बाग. अर्धी याची, अर्धी त्याची, आणि मध्ये एकच विहीर. धाकटे तिथेच राहायचे. सोमवार ते बुधवार विहिरीचं पाणी काकांच्या झाडांना, गुरुवार ते शनिवार धाकट्यांच्या. रविवारी विहिरीला सुट्टी. काका दर सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे आणि बुधवारी रात्रीपर्यंत परतायचे. त्यांची गाडी यायच्या आत धाकटे गावात निघून जायचे. नऊ वर्षं दोघं एकमेकांशी बोललेले नव्हते.

कारण काय, तर एकदा बाग पाहायला व्यापारी आले होते आणि त्यांच्यासमोर काका बोलून गेले, "याले झाडातलं काय समजते?" धाकटे तिथून जे निघाले ते निघालेच.

"मी बोलत नाही असं नाही," काका मला म्हणाले होते, अर्थात मी विचारल्यावर. "थो काही इचारत नाही."

धाकट्यांचं म्हणणं काकूंकडून कळलं. "पहिले ते बोलले होते. आता पहिले तेच बोलतीन."

या अबोल्यात विहिरीत पाणी किती आहे, हा निरोप नऊ वर्षं काकू आणि त्यांच्या जाऊबाई फोनवरून पोचवत होत्या. आणि त्या वर्षी, थंडीत, ऐन गरजेच्या वेळी, दोघी बायकांनी एकाच दिवशी संप केला.

"मी काय एक्सचेंज आहो?" काकू बैठकीत उभ्या राहून बोलल्या. "नऊ वर्षं झाले, जाऊबाईशी सुखदुःखाचं बोलाले फोन लावला की पहिले फुटं सांगा. किती फूट, किती फूट! लेक बाळंत झाली त्या दिवशीबी पहिले फूटच सांगतले मी. आता नाही. हे दोघं भाऊ आपलं आपलं पाहून घेतीन."

ऐन गरज अशी की संत्र्याला तेव्हा ताण दिलेला होता. बहार धरायचा तर झाडाचं पाणी महिना-दीड महिना तोडतात. झाड मलूल होतं, पानं कोमेजतात, आणि मग नेमक्या दिवसांत पाणी सोडलं की ते फुलांनी लदबदतं. तो दिवस चुकला तर पानं गळतात, फांद्या वाळू लागतात आणि वर्षाचा बहार जातो. काकांच्या झाडांचा ताण येत्या सोमवारी तोडायचा होता. त्यासाठी विहिरीत पुरेसं पाणी आहे की नाही हे कळायला हवं होतं, आणि सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

काकांनी मला खाली बोलावलं. "अकोला, विहिरीतलं पाणी मोजून दोघाच्याबी फोनवर पाठवीन, असं काही बनते काय?"

दोन माणसांनी बोलू नये म्हणून संपर्कयंत्र बनवायचं, यातला विनोद मला तेव्हा दिसला नाही. मला फक्त यंत्र दिसलं. "बनते म्हणजे? दोन दिवसांत देतो!"

आणि दिलं. माझ्या टेबलावर बादली ठेवून ते चालवून दाखवलं. बादलीत एक फूट पाणी, निरोप एक फुटाचा. काकू टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. फक्त त्या संगणकातलं मेमरी कार्ड माझ्या रोजच्या वापरातलं होतं, त्यात कंपनीचं काम होतं. म्हणून शुक्रवारी रात्री एक कोरं कार्ड घेतलं, त्यात माझा प्रोग्रॅम भरला आणि शनिवारी बागेत जाऊन मोटारीच्या खोलीत सगळं बसवलं. सेन्सर विहिरीच्या तळाशी सोडला. निरोप रोज सकाळी आठला, दोघांच्या फोनवर. धाकटे कमरेवर हात ठेवून बाजूला उभे होते. यंत्र काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. भाऊच तो, सवय घराण्यातली असणार. आणि घाई अशी की पहिला निरोप पाहायला मी थांबलो नाही.

रविवारी आठला निरोप आला: 'विहिरीत पाणी ० फूट.'

सोमवारीही तोच. त्या निरोपासाठी पहाटेची गाडी सोडून काका पिशवी भरून, चपला घालून बसले होते. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. "हे खरं हाय?"

इथे मी "पाहून सांगतो" म्हणालो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी इंजिनिअर. छाती पुढे काढून म्हणालो, "काका, माणूस खोटं बोलेल. यंत्र नाही."

काकांनी चपला काढल्या. "मंग रविवारी पहाटेच उपसली त्यानं. सुट्टीच्या दिवशी." एवढं बोलून ते आत गेले. न विचारता बोललेलं ते त्यांचं मी ऐकलेलं पहिलं वाक्य.

त्या दिवशी ते बागेत गेले नाहीत. कोरड्या विहिरीवर जाऊन करणार काय?

मला मात्र आतून खात्री वाटेना. ऑफिसातून रजा घेऊन अकोल्याला गेलो, ओळखीच्या दुकानातून नवा सेन्सर आणला आणि मंगळवारी बाग गाठली. विहिरीत डोकावलो. पाणी डोळ्यात भरेल एवढं होतं. पारवे आरामात उडत होते, पाण्यात त्यांच्या सावल्या.

फोन खिशात होता. "काका, विहीर भरलेली आहे, उद्या या," एवढं सांगायचं होतं. पण मग कालचं यंत्र-खोटं-बोलत-नाही कुठे ठेवायचं? मी विचार केला की सेन्सर बदलतो, उद्या आपोआप बरोबर आकडा येईल आणि माझी चूक माझ्यापाशी राहील. वळताना काकांच्या झाडांकडे पाहिलं. पानं गुंडाळून काटक्यांसारखी उभी होती. मी घाईनं फाटक लावलं.

बुधवारी सकाळी आठला: '० फूट.' आणि काकांचे तीन दिवस संपले.

गुरुवारी दुपारी घराचं फाटक वाजलं. धाकटे आले होते. त्यांच्या पाण्याचा वार सोडून, तीन तासांचा प्रवास करून. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीतून पाणी ठिबकत होतं. त्यांनी ती ओट्यावर उलटी केली. आतून ओला दोर पडला, एका टोकाला दगड बांधलेला.

"वहिनी, यायले सांगा," काका समोर बसलेले असताना ते काकूंकडे पाहून म्हणाले, "आज सकाळी टाकला हा दोर विहिरीत. जेवढा ओला झाला तिथं गाठ मारली, तेवढं पाणी. मोजून घ्या म्हनाव. रोज सकाळी मले शून्य शून्य पाठवून राहिले. मी काय चोर आहो?"

"मी कोनाले काही सांगत नाही," काकू म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. संप चालूच होता.

ओट्यावर तिघं उरलो. दोघं भाऊ दोराकडे पाहत होते, मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे. काका उठले. दोराचं ओलं टोक धरलं आणि हातानं मोजत गेले. गाठ आली तिथे थांबले. "पंधरा हात." मग दोराकडेच बघत विचारलं, "सोमवारीबी होतं?"

"होतं नं!" धाकटे फुटलेच. "सोमवारी मी गावात जाऊन बसलो तुमच्यासाठी. गाडी आली अन् तुमी नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. झाडं वाळून राहिले तुमचे, दादा!"

नऊ वर्षांनंतरचं पहिलं बोलणं ते हे. आणि मग दोघांचीही मान एकदमच माझ्याकडे वळली.

मी लॅपटॉप आणला. बागेतल्या संगणकात इथून शिरता येत होतं. माझा प्रोग्रॅम उघडून दाखवू लागलो. हे बघा, हे बरोबर आहे, हेही बरोबर आहे, सेन्सरसुद्धा नवा आहे.

"मंगळवारी गेलता तू तिथं?" काकांनी विचारलं.

"गेलो होतो."

"पाणी दिसलं?"

आयुष्यात इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. "दिसलं," मी म्हणालो.

धाकट्यांनी एक अस्सल वऱ्हाडी शिवी दिली. ती मी इथे लिहीत नाही, पण ती मला तंतोतंत लागू होती.  काकांनी पुढचा प्रश्न टाकला. "तार पिनेले जोडली?"

"जोडली."

"पिन चालू हाय?"

"काका, जोडली म्हणजे चालूच ना."

"जोडली म्हंजे चालू असते?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "आमच्या एक्सचेंजात खांबापासून फळ्यापर्यंत तारा जोडून पडल्या रायत. ज्याचा अर्ज मंजूर, त्याचीच लाईन चालू. बाकीच्याइनं घरात टेलिफोनचं डबडं ठेवलं तरी ऐकू काय येते त्याले? तू या तुया संगणकाले सांगतलं काय, की या पिनेवर बोलाचं हाय म्हनून?"

मी सेटिंगची यादी उघडली. त्या पिनांवरच्या बोलण्यासमोर स्वच्छ लिहिलं होतं: बंद.

हे संगणक कोरे असताना पिनांवरचं बोलणं मिटूनच ठेवतात. एकदा आत जाऊन ते चालू करावं लागतं. माझ्या जुन्या कार्डावर मी ते वर्षापूर्वी केलं होतं आणि विसरलो होतो. नव्या कार्डावर कोणी करायचं? संगणक विचारत नव्हता, सेन्सर विचारल्याशिवाय बोलत नव्हता. नवा सेन्सर बिचारा जुन्याइतकाच शहाणा, विहिरीच्या तळाशी हाक येण्याची वाट पाहत बसलेला.

"मंग शून्य कुठून आलं?" धाकटे म्हणाले.

हे सांगणं आणखी अवघड होतं. प्रोग्रॅममध्ये उत्तर नाही आलं की पडद्यावर लालभडक चूक दिसायची. ती मला पाहवत नसे. म्हणून मीच लिहून ठेवलं होतं की उत्तर आलं नाही तर शून्य धर.

काकांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला. "उत्तर शून्य आलं अन् उत्तर आलंच नाही, या दोन गोष्टी हायेत, बावा. आमच्याकडं 'नो रिप्लाय' वेगळा लिहा लागे. नाहीतं मेमो."

मी 'बंद'चं 'चालू' केलं. बागेतला संगणक स्वतःला बंद करून पुन्हा उठायला दोन मिनिटं घेतो.  मग पडद्यावर आकडा आला: २२.

"पंधरा हात म्हंजे साडेबावीस," काका म्हणाले. "अर्धा फूट कुठं गेला?"

"तुमी दोर ताणून मोजला," धाकटे म्हणाले. मग उठले, चहाचा कप पायरीवर ठेवला. "उद्याचं अन् परवाचं पाणी तुमच्या झाडाइले सोडतो मी. माहे झाडं दोन दिवस धरतीन. तुमचे नाही धरनार."

काकांनी मान डोलावली. त्यानंतरच्या सोमवारी ते गेले तेव्हा धाकटे नेहमीसारखे गावात निघून गेले होते. पण झाडं वाचली. महिनाभरात फुलली. थोडी विरळ, त्या विरळपणावर माझं नाव होतं.

यंत्र मात्र आता सुरेख चालू लागलं. शून्याच्या जागी मी 'विहिरीकडून उत्तर नाही' असा निरोप लिहिला होता, पण तो कधी जायचाच नाही. रोज आठच्या ठोक्याला बिनचूक फूट. कोणी कोणाला काही विचारायची गरज उरली नाही. काकू आणि जाऊबाई फोनवर मनसोक्त बोलायच्या. भाऊ बोलायचे नाहीत. माझ्या कारकिर्दीतलं ते सर्वांत यशस्वी यंत्र. दोन भावांचा अबोला त्यानं अगदी निर्वेध केला होता.

मग एका संध्याकाळी काका जिना चढून वर आले. तीन वर्षांत पहिल्यांदाच. दारात उभे राहिले. मी काही विचारीपर्यंत तिथेच उभे राहतील हे माहीत होतं, म्हणून विचारलं, "काय झालं, काका?"

"थे पिनेवरचं बोलनं, इथूनच बंद होते काय?"

"होतं. पण कशाला? बरोबर चाललंय की."

"म्हनूनच," काका म्हणाले आणि खाली गेले.

मी 'चालू'चं 'बंद' केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांच्या फोनवर निरोप गेला की विहिरीकडून उत्तर नाही. काका दिवसभर ओट्यावर फोन मांडीवर घेऊन बसले. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. सोमवार ते बुधवारसुद्धा ते बागेत गेले नाहीत. काकू येता-जाता पाहायच्या. मी तर कशातच हात घातला नाही. माझ्या मदतीचा अनुभव सगळ्यांनाच होता.

गुरुवारी सकाळी आठचा निरोप वाजला. काकांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि स्वतः नंबर लावला.

"पानी किती हाय?"

पलीकडून धाकट्यांचा आवाज मला कठड्यापर्यंत ऐकू आला. "काहून, तुमचं यंत्र मेलं काय?"

"हो."

"मंग येऊन पाहा नं! फोनवर काय इचारता?"

काका त्याच दुपारी गेले. वार धाकट्यांचा होता. बुधवारी परतायचे, ते परतले नाहीत. त्या पुढच्या बुधवारीही नाहीत. मग काकूही डबे भरून तिकडे गेल्या. जाताना तो बटणांचा फळा माझ्या हवाली केला.

पंधरा दिवसांनी मी पहिल्या गाडीनं बागेत गेलो. खरं सांगायचं तर तो संगणक काढून आणायला. तो कंपनीचा होता आणि तिथे हिशेब लागत नव्हता. मोटारीच्या खोलीसमोर खाटेवर दोघं भाऊ बसले होते आणि कोणत्या झाडाचं फळ टिकेल यावरून जोरजोरात भांडत होते. काकांच्या म्हणण्याप्रमाणे धाकट्यांना झाडातलं काही समजत नव्हतं, धाकट्यांच्या म्हणण्याप्रमाणे काकांना एक्सचेंजशिवाय काही समजत नव्हतं. मला कोणी बस म्हणालं नाही.

तेवढ्यात आठ वाजले. खाटेवरचे दोन्ही फोन वाजले. दोघांनी चष्मे चढवले आणि आपापला निरोप वाचला: विहिरीकडून उत्तर नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हे निरोप तरी बंद करतो आता," मी म्हणालो आणि खोलीकडे वळलो.

"राहू द्या, सायेब," मागून धाकटे म्हणाले. "दोघाचेबी फोन संगच वाजतेत."